लाइनीपलीकडचा तितर

आमच्याकडे तितर शिजायला टाकला की आई आधी खिडकी लावून घ्यायची. नांदगावच्या रेल्वे क्वार्टरांमध्ये भिंतीला भिंत लागून घरं, एकाच्या फोडणीने दुसऱ्याला शिंका यायच्या. वास बाहेर गेला की कुणीतरी वाटी घेऊन दारात उभं राहणार हे ठरलेलं. शिवाय शिकारीला आता बंदी आहे, असंही स्टेशनवर बोललं जायचं. बाबा म्हणायचे, बंदी वाघाला असंल, तितराला कोण विचारतंय. पण खिडकी लावायला त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

बाबा रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा टाकून रोज रुळांतून चालायचं आणि रुळाला धरून ठेवणारी चावी, म्हणजे लोखंडी पाचर, सैल झालेली दिसली की ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. डोळे रुळांवर आणि कान मोकळे. त्या मोकळ्या कानांनी ते दोन्ही बाजूंचा माळ ऐकत चालायचे. घरी आले की पाय धुता धुताच बातमी द्यायचे, "आज पुलाजवळ दोन बोलले," नाहीतर "नाल्याकडं मादी पिल्लं घेऊन फिरती." आई भाकरी थापत नुसतं "हं" म्हणायची.

मला मात्र त्या बातम्यांची लाज वाटायची. शाळेत बाईंनी 'सुट्टीतला एक दिवस' असा निबंध घातला, तेव्हा मी मामाच्या गावाला गेले आणि आंबे खाल्ले असं लिहून मोकळी झाले. त्या दिवशी खरं तर मी बाबांबरोबर माळावर वाळवी खणत होते, कारण आमच्या पाळलेल्या तितराला वाळवीशिवाय काही गोड लागायचं नाही. वर्गातल्या मुलींच्या घरी पोपट होते, एकीच्या घरी ग्रामोफोन होता. आमच्याकडे कापडात गुंडाळलेला पिंजरा, आणि त्यात डोळे वटारून बसलेला एक नर.

तो कोंबडीखाली उबवून काढलेला होता. माणसांतच वाढल्यामुळे तो स्वतःला आमच्यातलाच एक समजायचा, आणि त्यातही थोरला. सकाळी कापड काढलं की छाती काढून ओरडायला सुरुवात, ती सगळी क्वार्टरं जागी होईपर्यंत. बाबांना त्याचं फार कौतुक. माझ्या पहिल्या नंबराचं त्यांनी इतकं केलं असतं तर मी आणखी शिकले असते, असं मी चिडून एकदा म्हणालेही होते.

तितराची शिकार बघणाऱ्याला शिकार वाटतच नाही. पहाटे माळावर जायचं, पिंजरा उघड्यावर ठेवायचा, त्याच्याभोवती बारीक काड्यांना बांधलेले फासे रोवायचे आणि झुडपामागे बसून राहायचं. उजाडलं की पिंजऱ्यातला नर बोलायला लागतो. माळावरच्या नराला वाटतं, हा कोण माझ्या जागेत येऊन ओरडतोय. तो उत्तर देतो, बोलत बोलत जवळ येतो, मान फुगवून पिंजऱ्यावर धावतो आणि त्याचा पाय फाशात अडकतो. ना बंदूक, ना कुत्रं. आई म्हणायची, हा सगळा भांडखोर स्वभावावर चाललेला उद्योग आहे, आणि म्हणताना बाबांकडे बघायची.

बाबांचे त्यातही नियम होते. मादीला हात लावायचा नाही. होळी झाली की फासे माळ्यावर टाकायचे. आणि एका माळावर कितीही तितर असले तरी तिथला एक बोलता नर सोडून द्यायचा. बाजरीचं बियाणं बाजूला काढून ठेवतात, तसा तो बियाण्याचा. "माळ मुका करायचा नाय," हे त्यांचं पालुपद. आम्हा भावंडांना ते इतकं तोंडपाठ होतं की भांडणात कुणी रुसून गप्प बसलं की आम्ही "माळ मुका झाला, माळ मुका झाला" म्हणून त्याला चिडवायचो.

हे नियम त्यांच्या एकट्याचे नव्हते. लाइनीपलीकडच्या वस्तीत एक सायकलवाला राहायचा. बाजारात त्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं, हात कायम काळे, आणि बिडी ओढून ओढून आलेला एक खडखडीत खोकला. तो आणि बाबा लहानपणापासूनचे जोडीदार. फासे घालायला बाबांना त्यानेच शिकवलं की त्याला बाबांनी, यावर दोघांचं कधी एकमत झालं नाही. मी लहान असताना तो आमच्या ओट्यावर बसून पितळीत चहा ओतून प्यायचा आणि मला सायकलच्या ट्यूबचे रबर द्यायचा.

मग दुष्काळ आला. लोक खडी फोडायला गेले, आणि ज्याला जे धरता आलं ते त्याने धरलं. ससा, घोरपड, लाव्हऱ्या, काहीच सुटलं नाही. त्या वर्षी आमच्याही घरी तितर वरचेवर शिजला आणि नियमाबद्दल कुणी फार बोललं नाही. दुष्काळ सरला, पाऊस बरा झाला, गवत वाढलं, पण पुलाजवळचा माळ काही बोलेना. बाबा आमचा तितर घेऊन तिथे जाऊन बसले. तो घसा फुटेस्तोवर ओरडला, पलीकडून काही आलं नाही.

बाबा थेट बाजारात त्या दुकानावर गेले. "बियाण्याचा नर तू मारला," असं बाबा त्याला म्हणाले. "तूच मारला अन् आता माझ्यावर ढकलतो," तो म्हणाला. भर बाजारात दोघांनी एकमेकांचे बाप काढले. त्या दिवसापासून हद्द ठरली. लाइनीला लागून पलीकडे माळ होता आणि त्यावर एक टेकाड होतं. टेकाडाच्या अलीकडे आमचं, पलीकडे त्याचं. आमच्या घरात त्याचा उल्लेख 'तो' एवढाच राहिला.

त्यानंतरची वर्षं मला आठवतात ती आईच्या पातेल्यावरून. आधी रश्शात प्रत्येकाच्या वाटीला एक तुकडा यायचा. मग तुकडे फक्त बाबांच्या आणि धाकट्याच्या ताटात गेले. मग रस्सा पातळ झाला, खोबरं वाढलं, आणि एका वर्षी फासे माळ्यावरून खालीच आले नाहीत. ससे दिसेनासे झाले होते. क्वार्टरांच्या मागे थंडीत कोल्हे ओरडायचे, ते कधी थांबले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. बाबा मात्र दरवर्षी नवा गुन्हेगार शोधून काढायचे. एका वर्षी कपाशीवरची फवारणी. एका वर्षी डिझेल इंजिनाचा भोंगा. मग पडीक माळ नांगरणारे, मग मेंढरं, मग पाझर तलाव खणणारे. आणि या सगळ्यांच्या वर कायमचा 'तो'. त्यांच्या या यादीत फासे कधी आले नाहीत, आणि मीही कधी ते सुचवलं नाही.

दरम्यान आमचा म्हातारा तितर मेला. बाबांनी दुसरा वाढवला. या नव्याच्या वेळी गंमत अशी झाली की सकाळी दारात तो ओरडला की कधी कधी लांबून, लाइनीपलीकडून, बारीक उत्तर यायचं. पहिल्यांदा ते आलं तेव्हा बाबा दात घासत होते, ते तसेच तोंडात फेस घेऊन उभे राहिले. "हाय," ते म्हणाले. "एक हाय अजून. टेकाडाच्या अंगाला हाय." पुढे ती रोजची गोष्ट झाली. उत्तर आलं की त्यांचा दिवस बरा जायचा. तो बियाण्याचा, म्हणून ते टेकाडाकडे फिरकतही नसत. त्याला धक्का लागायला नको, आपोआप वाढतील, असं ते सांगायचे, आणि स्टेशनवर कुणी म्हणालं की तितर संपले, तर त्याच्याशी वाद घालायचे.

पुढे माझं लग्न झालं आणि मी नाशिकरोडला आले. सासरे सरकारी नोकरीतून निवृत्त व्हायला आले होते. मी त्यांना मामा म्हणायचे. कॉलनीत बुद्धविहार, नळाला दोन वेळा पाणी, शेजारी मास्तर आणि कारकून. सासूबाई स्वभावाने बऱ्या, पण नांदगावचं नाव निघालं की त्यांना चेव यायचा. "तुमच्याकडे तर प्यायला पाणी नाही, खायला काय असणार बाई," असं त्या हसत हसत म्हणायच्या. एकदा पाहुण्यांसमोर म्हणाल्या, आणि मला ते लागलं. मी म्हणाले, "आमच्याकडे तितर दारात येऊन बोलतो. बाबा मनात आणतील तेव्हा तितराचा रस्सा."

ज्या गोष्टीची मला शाळेत लाज वाटायची तीच मी त्या दिवशी अंगावर दागिना घालावा तशी मिरवली. आणि एकदा मिरवल्यावर थांबले नाही. पुढे पुढे माझ्या गप्पांत तितरांचे थवे आले, बाबा म्हणजे नांदगावचे राजे झाले. मामा हे सगळं मन लावून ऐकायचे. त्यांचं लहानपण खेड्यात गेलेलं, तितराची चव त्यांच्या जिभेवर अजून होती. ते कमी बोलायचे, पण एकदा जेवताना म्हणाले, "व्याह्यांकडे एकदा जायलाच पाहिजे. खायचा राहू दे, बोलताना ऐकला तरी पुष्कळ."

आणि हरभरा निघायच्या दिवसांत ते खरंच निघाले. मला माहेरी पोचवायचं निमित्त. गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसले होते. मला ठाऊक होतं की बाबांच्या माळावर एकच तितर उरला आहे. लासलगाव गेलं, मनमाड गेलं. तेव्हाच मामांना सांगितलं असतं, की मी जरा वाढवून बोलले, तर ते हसले असते आणि विषय तिथेच संपला असता.

घरी चहापाणी झालं. जय भीम, बसा, कशी झाली गाडी, सगळं झालं. आणि मामांनी कौतुकाने विषय काढला, "सूनबाई सांगते, तुमच्याकडे तितर दारात येतात म्हणून." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. व्याह्याच्या घरी लेकीने आपलं नाव एवढं मोठं केलंय, याचं त्यांना बरं वाटलेलं मला दिसलं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. ते म्हणाले, "येतात ना. उद्या पहाटं जाऊ आपण. लय दिवस झाले फासे काढून."

आई आतून बाहेर आली. "कुठं जाताय? तो एकच ना? बियाण्याचा?"

"व्याही रोज रोज येतात व्हय?" बाबा म्हणाले.

"बियाण्याचा म्हणजे?" मामांनी विचारलं. बाबांनी आपल्या एका भाच्याच्या नोकरीचा विषय काढला. आई माझ्याकडे बघत राहिली. एका शब्दाने मला ते थांबवता आलं असतं आणि आई त्या शब्दाची वाट बघत होती, हे मला कळत होतं. मी तिला विचारलं, वाटणाला खोबरं आहे का.

पहाटे आम्ही तिघं निघालो. पिंजरा मी घेतला, कारण नवा तितर बाबांखालोखाल माझ्याच हातात शांत राहायचा. बाबांच्या खांद्यावर फाशांची पिशवी. मामांनी कानाला मफलर गुंडाळला होता आणि रूळ ओलांडताना ते दोन्हीकडे इतक्यांदा बघत होते की बाबांना हसू आलं. टेकाडाच्या अलीकडे, तरवडाच्या झुडपांजवळ, बाबांनी जागा निवडली. फासे रोवताना त्यांची बोटं झरझर चालत होती. मी त्यांना किती तरी वर्षांनी असं खुशीत बघत होते.

उजाडायला लागलं तसं मी कापड काढलं. आमचा बोलला. आम्ही झुडपामागे दबून बसलो. तो पुन्हा बोलला, आणि टेकाडापलीकडून उत्तर आलं. चांगलं खणखणीत, दारात ऐकू यायचं त्याहून कितीतरी मोठं. मामांनी माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, थंडीने असेल. बाबांनी बोट ओठांवर ठेवलं आणि अगदी हळू म्हणाले, "पोक्त नर हाय. आवाज बघा कसा हाय."

दोन्हीकडून सवालजवाब सुरू झाले. आमचा पिंजऱ्यात गरगर फिरत होता, पलीकडचा तितकाच चिडलेला. पण तो जागचा हलेना. ऊन टेकाडावर आलं, मामांनी पाय बदलले, तरी हलेना. बाबा म्हणाले, "हुशार हाय. लय पावसाळे बघितलेला दिसतो." मग त्यांनी एक कधी न केलेली गोष्ट केली. मांडलेला डाव मोडू नये म्हणतात, पण त्यांनी फासे उपटले, पिंजरा उचलला आणि वाकत वाकत टेकाडाच्या अगदी उतारापाशी नेऊन पुन्हा मांडला. आम्हीही मागोमाग सरकलो. आता उत्तर आलं ते आणखी जवळून. "येतोय," बाबा म्हणाले. "येतोय बघा."

पुन्हा वाट बघणं. पुन्हा सवालजवाब. आता तो इतका जवळ होता की टेकाडाच्या माथ्यावरच्या बोरीमागे असणार. मी डोळे ताणून बोरीच्या बुंध्याकडे बघत होते. कुसळाचं गवत हललं. बाबा पुढे झुकले.

आणि तितर खोकला.

खडखडीत, बिडीचा, लांबलचक खोकला. मामांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. बाबा हलले नाहीत. तो खोकला त्यांनी अर्धं आयुष्य ऐकला होता, ओळखायला वेळ लागायचं कारण नव्हतं. काही क्षण त्यांनी जमिनीकडे बघितलं, मग गुडघ्यावर हात टेकून उठून उभे राहिले. बोरीमागून तोही उठला. हातात फाशांची पिशवी, पायाशी पिंजरा, पिंजऱ्यात मान फुगवून लाल झालेला नर. मधली सगळी वर्षं त्याच्या तोंडावर दिसत होती. दात गेले होते.

मग बाबा म्हणाले, "तू तर तितर इकून टाकला व्हता ना?"

"गिऱ्हाईकच आलं नाय," तो म्हणाला. "पण तुझा मेला व्हता ना?"

"मेला. हा त्याच्या मागचा."

त्याने मान हलवली. मग पिंजऱ्याकडे बघत म्हणाला, "रोज सकाळी आणतो मी हितं. वाळवी चारायला."

"रोज?"

"रोज."

मी बाबांच्या शेजारी उभी होते, त्यांना काय कळलं ते मलाही तेव्हाच कळलं. दात घासता घासता ऐकलेलं ते उत्तर, स्टेशनवरचे वाद, "हाय, एक हाय अजून", सगळं या पिंजऱ्यातल्या नरावर उभं होतं. आणि समोरचा माणूसही तेच मोजत होता, कारण तो हळूच म्हणाला, "मला वाटायचं, लाइनीकडं एक राहिलाय. त्याच्या जिवावर म्हणायचो मी, की माळ बोलतो अजून."

"मग आज फासे कशाला आणले?" बाबांनी विचारलं. आवाज चढवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो चढला नाही.

"तुझ्याकडं पाहुणे आले म्हणून बाजारात कळलं. म्हटलं, आज तू तो नेणारच. मग मीच का नको?"

दोघांनीही माझ्याकडे आणि मामांकडे बघायचं टाळलं. मी पायाखालचा सराटा उगाच चपलेने उकरत होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं पुस्तकात वाचलं होतं, तसं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. माझ्या बढाईने बाबांना इथे आणून उभं केलं होतं. त्यांनी जे कधी करायचं नाही असं आम्हाला शिकवलं, ते करताना ते पकडले गेले होते, आणि तेही व्याह्यासमोर.

मामा तेवढे भाबडेपणाने म्हणाले, "मग खरा कुठे आहे?"

खाली दोन्ही पिंजऱ्यांतले नर एकमेकांवर गजांतून चोची मारायला बघत होते. ते आता एकमेकांना दिसत होते आणि त्यांचा आनंद मावत नव्हता. बाबांनी वाकून आमच्या पिंजऱ्यावर कापड टाकलं. आमचा गप्प झाला. पलीकडचा आणखी थोडा वेळ बोलत राहिला, मग सायकलवाल्याने खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्यावर टाकला. मग गवतातल्या वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना. लहानपणी ज्या तीन शब्दांनी आम्ही एकमेकांना चिडवायचो ते मला आठवले, आणि मी ते मनातल्या मनातही पुरते म्हणू शकले नाही.

घरी आईने वाटण करून ठेवलं होतं. आमच्या रिकाम्या हातांकडे बघून तिने शेजारच्या बाईकडून गावठी कोंबडी आणवली आणि रस्सा केला. या खेपेला खिडकी उघडीच होती. मामा नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त जेवले आणि चव छान आहे असं दोनदा म्हणाले. बाबा ताटावर बसले खरे, पण भाकरी कुस्करून तशीच ठेवून उठले.

परतीच्या गाडीला मीही मामांबरोबर निघाले. चार दिवस राहायला आले होते, पण बाबांसमोर राहवेना. मामांची पिशवी बाबांनी हट्टाने स्वतः उचलली. प्लॅटफॉर्मवर ते मामांना म्हणाले, "पाहुणे, पुढच्या टायमाला..." आणि तिथेच थांबले. पुढच्या वेळेला काय, हे त्यांना सुचेना. मामांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि जय भीम केला. गाडी हलली तरी बाबांनी मान वर केली नाही. ते रुळांकडे बघत होते, जणू तिथे एखादी चावी सैल झाली असावी.

मनमाड गेल्यावर मामांनी विचारलं, "ते बियाण्याचा म्हणजे काय होतं ग?" मग मी सगळं सांगितलं. नियम सांगितला, सोडून द्यायचा तो बोलता नर सांगितला, बाबा माझ्या बढाईपायी त्या शेवटच्याला धरायला निघाले होते हेही सांगितलं. आणि तो तिथे नव्हताच, किती वर्षांपासून नव्हता ते कोण जाणे. निफाडपर्यंत मामा खिडकीबाहेर बघत होते. तिथल्या द्राक्षांचे मांडव सरकत होते आणि मामा एकदाही त्यावर काही बोलले नाहीत, एरवी ते प्रत्येक बागेची किंमत करत.

संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर कॉलनीतली माणसं जमली होती. मी भाजी निवडायला दारात बसले होते, सासूबाई शेजारी. मास्तरांनी तिथूनच विचारलं, "काय मग, खाल्ला का तितर? की नुसत्याच बाता सूनबाईच्या?" दोघंतिघं हसले. सासूबाईंनीही कान टवकारले. मी मेथीची काडी तोडत राहिले आणि आता काय ते होऊन जाऊ दे, असं मनाशी म्हटलं.

"बाता कशाच्या?" मामा म्हणाले. "माझ्या या कानांनी ऐकले. एक इकडून, एक तिकडून. असे बोलत होते की अंगावर काटा आला."

"मग धरला का नाही?"

"धरतील कसा?" मामा म्हणाले. "हातभर अंतरावर आलेला. पण व्याह्यांनी सोडून दिला. एक बोलता नर माळावर ठेवायचा असतो. माळ मुका करायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. माझ्यासारखा पाहुणा समोर बसलेला, तरी नियम मोडला नाही त्यांनी. अशी माणसं राहिली नाहीत आता."

ओट्यावरची माणसं मान डोलवायला लागली. मास्तर म्हणाले, असे शिकारी असते तर देशातलं एकही जनावर कमी झालं नसतं. सासूबाईंनी माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं, मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. मामांनी ओट्यावरून मला हाक मारली, "काय ग, खरं ना?"

मी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, ते फक्त माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"हो," मी म्हणाले. "बाबांचा नियमच आहे तसा."